‘द डिसीव्हर्स’ : ठगांवरचा एक फसलेला चित्रपट आणि आपल्या काशीच्या वाटा

आपल्या मंडळात सिनेमावर निबंध वाचायची पद्धत नाही. शिलालेख, मोडी कागद, वाडे, फार तर जुनी नाणी. पण गेल्या महिन्यात बैठक संपल्यावर चहा घेताना ठगांचा विषय निघाला आणि प्रत्येकाकडे सांगायला एक गोष्ट निघाली. कुणाचे आजोबा सागरचे, कुणाचं माहेर जबलपूरचं, एक काका थेट हैदराबादचे. सगळ्यांच्या घरात ‘आमच्यातला एक माणूस ठगांनी मारला’ ही गोष्ट होतीच! मग एका सभासदाने ‘द डिसीव्हर्स’ हा १९८८ सालचा इंग्रजी चित्रपट सगळ्यांना दाखवला, आणि तो संपल्यावर जी वादावादी झाली तिच्यातून हा निबंध निघाला आहे. ग्वाल्हेरवाल्यांनी यावर बोलावं याला एक वेगळं कारणही आहे, ते पुढे येईल.

आधी चित्रपटाचं सांगतो. निर्माते इस्माईल मर्चंट, दिग्दर्शक निकोलस मेयर, पटकथा मायकेल हर्स्ट यांची. मूळ कादंबरी जॉन मास्टर्स यांची, १९५२ सालची. काळ १८२५. कंपनी सरकारचा अधिकारी विल्यम सॅव्हेज (पिअर्स ब्रॉस्नन, तेव्हा तो जेम्स बाँड झालेला नव्हता) याच्या लक्षात येतं की रस्त्याने जाणारी माणसं नाहीशी होताहेत आणि त्यांची प्रेतं जमिनीखाली सापडताहेत. एका बाईचा विणकर नवरा गोपाळ बेपत्ता आहे, ती सती जायच्या तयारीत आहे. तिला लांबून दिसावं म्हणून सॅव्हेज गोपाळचा वेष घेतो. पुढे त्याच वेषात, हुसेन नावाच्या पकडलेल्या ठगाला वाटाड्या करून, तो ठगांच्या टोळीत शिरतो. तिथला प्रसादाचा गूळ खातो आणि हळूहळू स्वतःच त्या रक्ताच्या ओढीत सापडतो.

ही गोष्ट कागदावर वाचली तर कुणीही म्हणेल, वा! खुन्यांना पकडायला गेलेला माणूस स्वतः खुनी होतो, याहून चांगलं बीज थरारपटाला काय हवं? आणि सुरुवातीचा तासभर चित्रपट ते निभावतोही. वॉल्टर लासली यांचं छायाचित्रण सुरेख आहे. धुळीचा रस्ता, संध्याकाळचा तळ, शेकोटीभोवती बसलेले अनोळखी लोक, गप्पा चालल्यात, कुणी गातोय, आणि आपल्याला ठाऊक आहे की यातले निम्मे मारणार आहेत आणि निम्मे मरणार आहेत. सईद जाफरी यांचा हुसेन हा या चित्रपटातला सर्वांत खरा माणूस. त्याच्या डोळ्यांत भीती, लाचारी आणि जुन्या धंद्याचा अभिमान एकदमच दिसतो. नीना गुप्ता यांची ती वाट बघणारी बाई जवळजवळ काही बोलत नाही, तरी लक्षात राहते. शशी कपूर राजा चंद्रसिंह झालेत. ठगांना पोसणारे मोठे लोक हा धागा तिथे होता, पण त्यांच्या वाट्याला काम फारच कमी आलंय.

मग तो फसतो कुठे? माझ्या मते ज्या क्षणी कालीमाता पडद्यावर येते त्या क्षणी. तिथून पुढे खुनाचं कारण एकच राहतं, देवीची भूल. सॅव्हेजला भास होतात, ढोल वाजतात, मूर्तीचे डोळे चमकतात. माणूस माणसाला का मारतो, मारून घरी गेल्यावर बायकोशी काय बोलतो, लुटीतला वाटा कुणाकुणाला द्यावा लागतो, हे सगळे प्रश्न त्या ढोलाच्या आवाजात बुडतात. आणि दुसरी गोष्ट म्हणजे, खरी हकीकत या कल्पित गोष्टीपेक्षा जास्त थरारक होती! ती चित्रपटवाल्यांच्या हाताशी होती आणि त्यांनी ती सोडून दिली, याचं मला जास्त वाईट वाटतं.

खरी हकीकत म्हणजे विल्यम हेन्री स्लीमन आणि फिरंगिया.

स्लीमनने कधी वेष पालटला नाही, की कुणाचा गळा आवळला नाही. कॉर्नवॉलचा हा माणूस १८०९ साली बंगाल फौजेत आला, नेपाळच्या लढाईत होता, आणि १८२० नंतर सागर-नर्मदा प्रांतात मुलकी कामावर आला. हा प्रांत कुणाचा, हे सागरकरांना सांगायला नको. गोविंदपंत बुंदेल्यांनी वसवलेलं सागर १८१८ साली कंपनीकडे गेलं, आणि मराठी पंडितांच्या दफ्तरांवर इंग्रज अधिकारी येऊन बसले. स्लीमन नरसिंहपूरला होता तेव्हा त्याला वाटत होतं की जिल्ह्यातला एकूण एक चोर आपल्याला माहीत आहे. पुढे कबुलीजबाब मिळाले तेव्हा कळलं की त्याच्या कचेरीपासून चारशे यार्डांवरच्या कंदेली गावात ठगांची एक टोळी राहत होती, आणि सागर-भोपाळ रस्त्यावरची मंदेसरची आमराई ही देशातल्या मोठ्या ठगस्थळांपैकी एक होती. हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. आपल्या नाकाखाली काय चाललं होतं ते कळल्यावर एका कर्तबगार अधिकाऱ्याला काय वाटलं असेल, एवढ्या एका प्रसंगावर कुणी चांगला दिग्दर्शक अर्धा सिनेमा उभा करील.

आमराईबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण ती आपल्या जुन्या प्रवासाची खूण आहे. आमराया, विहिरी, धर्मशाळा हे पुण्यकर्म. अहिल्याबाईंनी ठिकठिकाणी अशी कामं केली, आणि लहानमोठ्या लोकांनी आपापल्या गावाबाहेर केली. वाटसरू उन्हात चालून आला की तिथेच उतरणार. सावली आहे, पाणी आहे, चूल मांडायला जागा आहे. ठगांनाही तीच जागा सोयीची. साक्षींमधून जी पद्धत कळते ती अशी. टोळीतला गोडबोल्या माणूस वाटसरूंशी ओळख काढायचा. चार-सहा दिवस बरोबर चालायचं, ‘रस्ता चांगला नाही, मिळून जाऊ’ म्हणायचं. खड्डे खणणारे आधी पुढे जायचे. ठरलेल्या जागी सगळे बसले की म्होरक्या काहीतरी साधं वाक्य बोलायचा, ‘तमाखू लाओ’ यासारखं, आणि त्या इशाऱ्यावर रुमाल गळ्यात पडायचा. गळा आवळणारा एक, हात धरणारा दुसरा. त्यांच्या भाषेत आवळणाऱ्याला भुरतोट म्हणत. या सांकेतिक बोलीला रामासी हे नाव, आणि तिचा कोश स्लीमनने १८३६ साली कलकत्त्यात छापला, ‘रामासीआना’ या नावाने.

ही माणसं बाराही महिने हा धंदा करत नव्हती. पावसाळा संपला की निघायचं, पुढचा पाऊस पडायच्या आत घरी यायचं. घरी शेती, गुरं, मुलाबाळांची लग्नं. टोळीत हिंदूही असत, मुसलमानही असत, आणि देवीची शपथ दोघेही घेत. शेजारपाजारच्यांना ते नुसते चार महिने बाहेरगावी चाकरीला जाणारे लोक. ही साधेपणाची भीती चित्रपटात कुठेच नाही. एरवी सिरियल किलरचे चित्रपट आपण बघतो ते याच भीतीसाठी ना? शेजारचा भला माणूसच तो निघतो, ही ती भीती.

फिरंगियाकडे येतो. चित्रपटात या नावाचा एक ठग आहे (तारिक युनूस यांनी केलाय), पण तो खलनायकापलीकडे जात नाही. खरा फिरंगिया ब्राह्मण, सिंदोस भागातल्या मुरनई गावच्या ठग घराण्यातला. चंबळ, सिंध आणि यमुनेच्या मधला हा बेहडाचा मुलूख, म्हणजे आमच्या ग्वाल्हेरच्या अंगणातलाच. याचं हे नाव कसं पडलं, तर शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ, त्याच्या हाताखालच्या एका युरोपीय अधिकाऱ्याने गावावर हल्ला करून ते जाळलं, आणि त्या धावपळीत आईने याला जन्म दिला. म्हणून फिरंगिया. शिंदेशाहीच्या वसुलीची एक आठवण एका ठगाच्या नावात अशी शिल्लक राहिली. त्या भागात ठगांच्या घरांवर शिंद्यांच्या अंमलदारांनी कर बसवला होता, अशा नोंदी आहेत. सरकार त्यांना ओळखत होतं, त्यांच्याकडून पैसा घेत होतं. आपल्याला शिंदेशाहीचा अभिमान आहे, मलाही आहे, पण ही नोंद दडवून ठेवण्यात काही अर्थ नाही. कंपनीचे अंमलदारही सुरुवातीला काही वेगळे नव्हते. १८१० साली इटाव्याच्या मॅजिस्ट्रेटला विहिरींत प्रेतं सापडत होती, तेव्हा रजेवर जाणाऱ्या शिपायांना ‘पैसा बरोबर नेऊ नका, हुंडीने पाठवा’ असा हुकूम निघाला. १८१२ साली सिंदोसवर कंपनीची तुकडी गेली, तिच्यातला लेफ्टनंट मॉन्सेल मारला गेला. गंमत म्हणजे चित्रपटातही मॉन्सेल नावाचा एक लेफ्टनंट आहे. म्हणजे लिहिणाऱ्यांना हा इतिहास माहीत होता, त्यांनी त्यातलं फक्त नाव उचललं.

फिरंगिया १८३० च्या अखेरीस पकडला गेला. त्याआधी त्याची आई, बायको आणि मूल सरकारच्या ताब्यात आले होते, आणि त्यांना सोडून त्याला फार लांब पळवेना. स्लीमनसमोर आल्यावर त्याने सौदा केला. जीव वाचवा, मी सगळं सांगतो. स्लीमनला वाटलं थापा मारतोय. मग सलोहदा गावाजवळच्या आमराईत, जिथे स्लीमनचा तळ पडला होता, त्याने जागा दाखवल्या. खणल्यावर प्रेतं निघाली. तो आणखी जागा दाखवायला तयार होता, स्लीमननेच थांबवलं.

इथून पुढची सात-आठ वर्षं हा सगळा खेळ माफीच्या साक्षीदारांचा आहे. एकाने दहा नावं द्यायची, त्या दहांतून दोन साक्षीदार करायचे, त्यांनी आणखी वीस द्यायची. स्लीमनने ठग घराण्यांच्या वंशावळी काढल्या, रस्त्यांचे नकाशे केले, एकाची जबानी दुसऱ्याच्या जबानीवर ताडून पाहिली. आपण मंडळात कुलवृत्तांत करतो तसंच जवळजवळ, फक्त याच्या शेवटी फाशी. १८३१ ते १८३७ या काळात ३,२६६ माणसं पकडली गेली. त्यातल्या ४१२ जणांना फाशी झाली, ४८३ माफीचे साक्षीदार झाले, बाकीच्यांच्या नशिबी काळं पाणी नाहीतर जन्मठेप. १८३६ चा तिसावा कायदा तर असा की, अमुक माणूस कधीही, कुठेही, कंपनीच्या हद्दीत किंवा बाहेर, ठगांच्या टोळीत होता एवढं सिद्ध झालं की जन्मठेप. एखादा विशिष्ट खून सिद्ध करायची गरजच राहिली नाही.

हे वाचून आपल्यातल्या एका वकील सभासदाने विचारलं, ‘मग निर्दोष किती गेले असतील?’ प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि तो त्या काळातही विचारला गेला होता. ग्वाल्हेरचा रेसिडेंट कॅव्हेंडिश याने या पद्धतीवर आक्षेप घेतले. साक्षीदार ठगांना नजीब शिपायांबरोबर संस्थानांच्या हद्दीत पाठवायचं आणि त्यांनी बोट दाखवलं की माणूस उचलायचा, हे त्याला पसंत नव्हतं. ज्याच्या बोटावर दुसऱ्याचा जीव आहे आणि स्वतःचा जीवही, तो माणूस जुनी वैरं काढणार नाही? लाच घेणार नाही? शिंदे, होळकर, झाशीकर यांच्या मुलखात कंपनीचे शिपाई असे शिरू लागले, आणि ‘ठग पकडायला’ म्हणून मिळालेली ही मोकळीक पुढे कंपनीच्या वर्चस्वाची एक पायरी झाली. वरवर पाहिलं तर विषय रुमालाचा, पण आत राज्यांच्या हद्दींचा. चित्रपटात मात्र या साक्षीदारांच्या जागी एकटा हुसेन आहे, आणि तोही साहेबाच्या आत्म्याचं काय होणार याची काळजी वाहणारा.

आता ग्वाल्हेरचं ते वेगळं कारण. हाच स्लीमन १८४३ पासून १८४९ पर्यंत ग्वाल्हेरला रेसिडेंट होता. जयाजीराव लहान, ताराबाईंच्या दरबारात भांडणं, आणि डिसेंबर १८४३ मध्ये महाराजपूर-पनियारच्या लढाया. ग्वाल्हेरच्या इतिहासात आपण त्याला ‘तो रेसिडेंट’ म्हणून ओळखतो, जबलपूरवाले ‘ठगीवाला साहेब’ म्हणून. जबलपूर-कटनीच्या मधे स्लीमनाबाद म्हणून गाव आहे, रेल्वे स्टेशनही आहे. पुढे लखनौला रेसिडेंट राहून तो १८५६ साली मायदेशी जाताना जहाजावरच वारला.

हैदराबादच्या काकांचा आग्रह होता की त्यांच्याकडचाही माणूस यावा, आणि तो यायलाच हवा. फिलिप मेडोज टेलर. निजामाच्या नोकरीत, अगदी विशीच्या आतबाहेर असताना पश्चिमेकडच्या जिल्ह्यांत पोलिसांचं काम त्याच्याकडे होतं, तुळजापूर त्यातच. रस्त्याकडेला प्रेतं सापडतात हे त्याच्याही कानावर आलं होतं, पण त्याची बदली परत पलटणीत झाली आणि शोध राहून गेला. ही हळहळ त्याने आत्मचरित्रात लिहिली आहे. पुढे ठगांच्या जबान्या घ्यायचं काम त्याच्याकडे आलं आणि १८३९ साली ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी निघाली. तिचा नायक अमीर अली स्वतःच्या तोंडाने, शांतपणे, एकेक खून सांगत जातो. वाचणाऱ्याला तो आवडू लागतो, हीच त्या पुस्तकाची भीतीदायक किमया. म्हणजे ‘द डिसीव्हर्स’ने जे करायला हवं होतं ते दीडशे वर्षं आधी एका तिशीतल्या लष्करी अधिकाऱ्याने करून ठेवलं होतं. त्यात साहेब फक्त ऐकणारा आहे. हाच टेलर पुढे ‘तारा’ कादंबरीत तुळजापूर, अफझलखान आणि शिवाजीमहाराज यांच्यावर लिहितो.

तुळजापूरवरून देवीची गोष्ट निघते. जुन्या साक्षींत ठग ज्या देवीचं नाव घेतात ती बहुतेक ‘भवानी’ किंवा नुसती ‘देवी’. त्यांचं मोठं ठाणं मिर्झापूरजवळचं विंध्याचल, जिथे काशीला जाणारे आपले लोकही दर्शनाला थांबत. तीच देवी, तोच प्रसादाचा गूळ. एकाच देवळात मारणारा आणि मरणारा दोघं एकाच रांगेत उभे असतील, या विचाराने मला तरी झोप लागली नाही. सिनेमात मात्र भवानीचं ‘काली’ होतं, कारण पाश्चात्य प्रेक्षकाला जीभ बाहेर काढलेली काली ओळखीची. १९३९ चा ‘गंगा दीन’ घ्या, १९५९ चा ‘द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे’ घ्या (मुंबईचा ठगांशी संबंध नावापुरताच), १९८४ चा इंडियाना जोन्सवाला घ्या, ज्यात आपले अमरीश पुरी हृदय उपटून काढतात. सगळीकडे तेच. आपल्याकडचे तरी काय वेगळे? १९६८ चा ‘संघर्ष’ हा महाश्वेतादेवींच्या कथेवरचा, काशीतल्या ठग पंड्यांचा, त्यात निदान घराण्याचं दुःख तरी होतं. २०१८ च्या ‘ठग्स ऑफ हिंदोस्तान’बद्दल न बोललेलंच बरं.

आणखी एक आकडा पुन्हा पुन्हा समोर येतो म्हणून त्याचं सांगतो. ‘जगातला सर्वांत मोठा सिरियल किलर ठग बहराम, ९३१ खून.’ मोबाईलवर हे सगळ्यांना आलंय. लखनौला ठगी खात्यात असलेल्या जेम्स पेटनच्या हस्तलिखितात ज्या जबान्या आहेत, त्यांत बहराम स्वतः म्हणतो की मी माझ्या हाताने सुमारे सव्वाशे माणसं मारली असतील आणि आणखी दीडशे मरताना पाहिली असतील. ९३१ हा आकडा तो ज्या टोळ्यांबरोबर होता त्यांच्या सगळ्या खुनांचा. सव्वाशेही काही कमी नाहीत. पण स्लीमनच्या नातवाने १९३३ साली पुस्तकाच्या नावातच ‘दहा लाख खून’ लिहून टाकले, आणि तेव्हापासून आकडे फुगतच गेले. माइक डॅश, किम वॅगनर, राधिका सिंघा यांची अलीकडची पुस्तकं वाचावीत. ठग अजिबात नव्हतेच, साहेबांनी रचले, असं म्हणणारेही आहेत. मला ते पटत नाही, जमिनीतून निघालेली प्रेतं कुणी रचली नव्हती. पण देशभर पसरलेला एक गुप्त पंथ, एक देवी, एक भाषा, हे जे चित्र उभं केलं गेलं ते सरकारच्या सोयीचं होतं, एवढं मानायला हवं.

त्या चित्राची किंमत कुणी दिली? ‘गुन्हा रक्तात असतो, बापाकडून मुलाकडे येतो’ ही कल्पना ठगी खात्याने चांगलीच रुजवली. जबलपूरला साक्षीदार ठगांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी कारखाना काढला होता, तिथे ते सतरंज्या विणत, तंबू शिवत. मुलांनी काही केलं नव्हतं, ती ठगांची मुलं होती, एवढंच. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा याच विचाराचा पुढचा अवतार. १९११ नंतर तो मुंबई इलाख्यातही आला आणि पारधी, कैकाडी, भामटे अशा कितीतरी जमातींना त्याने जन्मतःच चोर ठरवलं. सोलापूरचं तारेचं कुंपण घातलेलं सेटलमेंट अजून लोकांच्या आठवणीत आहे. १९५२ च्या ऑगस्टात ही माणसं कायद्याने मोकळी झाली. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ चं, म्हणजे ‘द डिसीव्हर्स’च्या आदल्या वर्षीचं. एकीकडे तो पडद्यावरचा खोटा ढोल, आणि त्याच वेळी मराठीत हे पुस्तक! आणखी एक योगायोग असा की चित्रपटातली ती बाई चितेची तयारी करते, आणि त्याच्या आदल्याच सप्टेंबरात राजस्थानात देवराळ्याला खरोखर सती गेली होती. चित्रपटाचं चित्रीकरणही राजस्थानातलंच. तिथे जे अडथळे आले त्यांवर मर्चंट यांनी एक अख्खं पुस्तक लिहिलं. सिनेमापेक्षा ते पुस्तक जास्त रंगतदार आहे असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही.

शेवटी घरचं सांगतो, कारण याच्यासाठीच मी लिहायला बसलो.

आमचं घराणं मूळ सागरचं, ग्वाल्हेरला नंतर आलं. आजी सांगायची, पणजोबांच्या चुलत घराण्यातला एक जण काशीला निघाला आणि दमोहच्या पुढे ठगांनी त्याला मारलं. ती हे इतक्या तपशिलाने सांगायची की रुमालाचा रंगसुद्धा पिवळा होता. लहानपणी मी ते ऐकून पांघरुणात तोंड लपवायचो. दोन वर्षांपूर्वी घरातली मोडी वही वाचून घेतली. तिच्यात शके १७४८ (इ. स. १८२६) खाली एकच ओळ आहे. गृहस्थ काशीस गेले, पुढे वर्तमान नाही. ठग नाही, रुमाल नाही, दमोहसुद्धा नाही.

मग रुमाल आला कुठून? त्या काळात काशीच्या वाटेवर मरायला शंभर कारणं होती. १८१७ साली बुंदेलखंडात हेस्टिंग्जच्या फौजेत पटकी शिरली, आणि पुढची कित्येक वर्षं ती यात्रेच्या वाटांवर फिरत राहिली. दरोडेखोर होते, नदीचे पूर होते. विष्णुभट गोडसे त्यानंतर तीस वर्षांनी, ठगी संपली असं सरकारने सांगितल्यावर, वरसईहून निघाले, तर त्यांनासुद्धा वाटेत लुटलं गेलंच. मिळवलेलं सगळं गेलं आणि घरी पोचली ती गंगेची कावड. (ठगांच्या साक्षीत असंही आहे म्हणतात की गंगाजळाची भरलेली कावड नेणाऱ्याला मारू नये असा त्यांचा नेम होता. नेम किती पाळले गेले ते देवीलाच ठाऊक.) आमच्या पूर्वजाला ठगांनी मारलंही असेल. नर्मदेच्या त्या पट्ट्यात १८२६ हे साल तसं बसतं. पण मला जास्त शक्यता अशी वाटते की माणूस नाहीसा झाला, घरात प्रेत आलं नाही, दिवस घालायला तिथी नाही, आणि त्या न संपणाऱ्या वाट बघण्याला पुढच्या पिढीने एक शेवट दिला. ठगांच्या गोष्टी तोवर सगळीकडे पसरल्या होत्या, त्यांतलाच एक रुमाल आमच्या घरी आला. चित्रपटातली ती विणकराची बायको नेमकी याच जागी बसलेली आहे. नवरा मेला हे कुणी सांगत नाही, जिवंत आहे हेही कुणी सांगत नाही. दिग्दर्शकाने तिच्यावर कॅमेरा ठेवला असता तर मी आज तक्रार केली नसती.

आजीला हे सांगायची सोय आता नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, ‘तुझ्या वहीला काय कळतंय!’

मंडळातल्या सगळ्यांना विनंती एवढीच की ज्यांच्या घरी ‘ठगांनी मारलेल्या’ पूर्वजाची गोष्ट आहे त्यांनी ती ऐकली तशी लिहून द्यावी, कुणाकडून ऐकली तेही द्यावं, आणि घरात वही, कुळाचे कागद, काशीच्या पंड्याकडच्या नोंदीची नक्कल असं काही असेल तर त्याचा फोटो वेगळा द्यावा. दोन्ही एकत्र करू नये. सागर, दमोह, जबलपूर, झाशी आणि बीदर-तुळजापूर या पट्ट्यातल्या घरांचं आधी घेऊ, इंदूर-बडोद्याचं नंतर. मोडी वाचायला मंडळात दोन जण आहेत, वह्या घरून हलवायची गरज नाही, आम्ही येऊ.